पडवीतली पेटी

“गेला परत,” प्रणिता म्हणाली आणि कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

टेबलाखालच्या मोठ्या डब्याचा पंखा थांबला होता. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग कुणी बटणाला हात न लावताच तो पुन्हा घरघरायला लागला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. खिडकीबाहेर लिलावाच्या पावतीसाठी बायकांची रांग होती.

“काय गो, झोपला काय तुजा डबा?” पारूबाय ओरडली. “माझी सुरमई घाम गाळते इथं.”

“उठतोय काकी. जरा थांबा.”

“तो उठेपर्यंत मासळी चालत दर्यात जाईल परत.”

रांग हसली. प्रणिता हसली नाही. तो डबा उठला की शेवटच्या पाच-सहा नोंदी गेलेल्या असणार, मग कुणाची पापलेटं किती आणि कुणाची किती यावरून खिडकीत भांडण होणार, आणि त्या बायका तिलाच बोलणार, हे तिला ठाऊक होतं. मी बाजूच्या खुर्चीत बसलो होतो. मलाही ठाऊक होतं. आम्ही दोघेही त्या भांडणाला कंटाळलो होतो.

ही गोष्ट बरीच जुनी झाली. दांडेबंदरच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत तेव्हा सगळा कारभार त्या एका सर्व्हरवर चालायचा. मासळीचं वजन, बर्फाच्या पावत्या, बोटींचं सवलतीचं डिझेल, सगळं त्यात. तो आला तेव्हाच जुना होता, शहरातल्या कुठल्या तरी कचेरीने काढून टाकलेला. पण वर्षानुवर्षं तो बिनबोभाट चालला. नारळी पौर्णिमेला हंगाम सुरू झाला आणि त्याला हे लागलं. आपला आपण बंद होई, आपला आपण चालू होई. कधी दिवसातून दोनदा, कधी दोन दिवस काहीच नाही.

मी तांडेल म्हणून बोट हाकण्यात जन्म काढला. गुडघे गेले तेव्हा बोट सोडली, आणि लोकांनी मला सोसायटीच्या कमिटीवर घातलं. अक्षर मला म्हातारपणी आलं. प्रणितानेच ते दुपारच्या रिकाम्या वेळात बसवून घेतलं. म्हणून मी तिथं जाऊन बसायचो. माझं काम म्हणावं असं काही नव्हतं.

दुपारी चेअरमन आले. भालचंद्र नाखवा. तीन बोटींचे मालक, आवाज मोठा, मन वाईट नाही, पण एकदा डोक्यात काही शिरलं की बाहेर निघत नसे.

“आज परत?” त्यांनी विचारलं.

“दोनदा, नाखवा,” प्रणिता म्हणाली.

“तू मोबाईल कुठे लावतेस चार्जिंगला?”

“घरी.”

“तुझा मावसभाऊ तालुक्याला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो ना?”

“हो. का?”

“नवीन घ्यायला लागला तर कुणाकडून घ्यावा लागेल, एवढंच बघतोय.”

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “नाखवा, पोर दिवसभर शिव्या खाते त्या डब्यापायी. ती कशाला बंद करील?”

“मी कुठं म्हटलं ती करते? मी विचारलं फक्त.” जाता जाता दारातून म्हणाले, “महिनाअखेरच्या बैठकीत याचा निकाल लावायचा. एक तर डबा जाईल, नाही तर डबा चालवणारी.”

प्रणिताच्या घरी आजारी वडील होते आणि धाकटी बहीण नर्सिंगला. ती नोकरी गेली असती तर ते घर कसं चाललं असतं, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तो डबा बघायला चिपळूणहून तौसिफ परकार यायचा. तरुण माणूस, शांत, कामाला चोख. पहिल्या खेपेला त्याने डबा उघडून आतली धूळ काढली. धुळीत खारट पापुद्रा होता, तो ब्रशने घासला. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या. “दर्याकाठी हेच होतं चाचा,” म्हणाला. दोन दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला त्याने आतला वीज घेणारा खोका बदलला. मशीन तापत असेल म्हणून बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावून ठेवला. रात्रभर तपासणीवर ठेवून गेला, सकाळी येऊन बघितलं तर मशीन ठणठणीत. रात्रभर एकदाही बंद पडलं नव्हतं. प्रणिताने खिडकी उघडली, पहिल्या दहा पावत्या फाडल्या, आणि पंखा थांबला.

तौसिफ जमिनीवरच बसला. “माझ्यासमोर असं कधी केलं नव्हतं यानं,” म्हणाला.

“यूपीएस?” प्रणिताने विचारलं. वीज गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून तो बसवला होता. त्याच्या दोन बॅटऱ्या मागच्या पडवीत लाकडी पेटीत असायच्या, आम्लाचा वास आत नको म्हणून.

“हिरवा दिवा आहे. बॅटरी फुल दाखवतोय. आणि बॅटऱ्या नवीन आहेत असं पहिल्या दिवशीच सांगितलंत ना?”

“गेल्या वर्षीच्याच आहेत,” मी म्हटलं. ते खरं होतं. सोसायटीने सगळ्या बोटींसाठी एकगठ्ठा बॅटऱ्या मागवल्या होत्या, त्यातल्याच दोन कार्यालयाला ठेवल्या होत्या. मी स्वतः उतरवून घेतल्या होत्या.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, आज मी कशालाच हात लावणार नाही, नुसता बसणार. वीज मोजायचं मीटर भिंतीच्या सॉकेटला लावलं आणि त्याकडे बघत बसला. प्रणिताने त्याला चहा दिला, तो गार झाला. अकराच्या सुमाराला शेजारच्या बर्फाच्या कारखान्यात क्रशर सुरू झाला. बोटींवर भरायला बर्फ फोडायचं ते मशीन. कार्यालयाची ट्यूब मिचकली, मीटरचा आकडा घसरला, आणि डबा बंद पडला.

“क्रशर!” प्रणिता म्हणाली.

“पण क्रशर काय आज आलाय?” मी म्हटलं. “वर्षानुवर्षं तो तसाच लागतो.”

“बरोबर,” तौसिफ म्हणाला. “वीज खाली जाते तेवढा वेळ बॅटरीने धरायला पाहिजे. ती धरत नाही.” तो उठला, यूपीएसची पिन भिंतीतून उपटली. डबा तिथल्या तिथे मेला. अर्धा तास चालायला हवा होता.

आम्ही पडवीत गेलो. पेटीला कुलूप नव्हतंच. तौसिफने बॅटऱ्यांवर आपलं दुसरं यंत्र लावलं. एक बॅटरी ठीक. दुसरीला यंत्र टेकलं नाही तोच काटा खाली आला.

“ही आतून संपलीय. लोड नसला की फुल दाखवते, लोड आला की काही नाही. दोन्ही एकामागे एक जोडलेल्या, त्यामुळे एक मेली की दुसरीचं काही चालत नाही. पण एका वर्षात अशी कशी गेली?” तो वाकला. “आणि हिच्या टोकांना खारं पाणी लागलेलं दिसतंय. पडवीत खारं पाणी कुठून येणार?”

मला बॅटरीची मूठ दिसली होती. प्लास्टिकची मूळ मूठ तुटली होती आणि त्या जागी जाळ्याच्या नायलॉनची दोरी बांधली होती. गाठ उलटी पडलेली होती. डावखुऱ्या हाताची. आमच्या बंदरावर अशी गाठ एकच माणूस मारतो, आणि ती मारायला त्याला मीच माझ्या बोटीवर शिकवलं होतं.

मी पेटीचं झाकण खाली घातलं.

“काय झालं, जनूदादा?” प्रणिताने विचारलं.

“काही नाही. उन्हाने डोळे दुखतात.”

मी जेट्टीवर गेलो. काशिनाथ आपल्या बोटीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला, बसून जाळं शिवत होता. गणपती झाल्यावर वारा उठला त्या वेळी हीच बोट इंजिन बंद पडून दर्यात भरकटली होती. सहा माणसं. रात्रभर वायरलेसवर ते आपण कुठे आहोत ते सांगत राहिले, म्हणून पहाटे दुसऱ्या बोटींना सापडले. त्या सहांत माझा धाकटा मुलगा देवेंद्र होता. तो परत आला त्या दिवशी बंदरावर जे झालं ते मी लिहीत नाही. माझी सून अजून त्या तारखेला उपास करते.

“बसा दादा,” काशिनाथ म्हणाला.

“तुझी गाठ सोसायटीच्या पडवीत सापडली.”

त्याची सुई थांबली नाही. थोड्या वेळाने थांबली.

“कधी नेलीस?”

“पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. माझ्या बॅटरीत पाणी शिरलं, ती तिथं ठेवली आणि सोसायटीची नेली. भालचंद्र नाखवांकडे दोनदा गेलो. म्हणाले, अर्ज दे, बैठकीत ठेवतो. बोटी तर दुसऱ्या दिवशी निघायच्या.”

“मग सांगून का नाही नेलीस?”

“सांगितलं असतं तर दिली असती?” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “आणि दादा, सोसायटीचा दोर, सोसायटीचा नांगर, ज्याची बोट निघते तो नेतो, हे काय मी काढलेलं आहे? मी तुमच्या बोटीवर खलाशी होतो तेव्हा सोसायटीचा नांगर आपण अख्खा हंगाम वापरला.”

“आपण सांगून नेला होता.”

“कुणाला? तेव्हा सोसायटीत माणूस तरी होता का?”

मला हसू आलं. त्यालाही आलं. पण ते फार टिकलं नाही.

“वायरलेस त्या बॅटरीवर चालला,” तो म्हणाला. “इंजिन गेल्यावर. माझ्या जुन्या बॅटरीवर काही मिनिटंसुद्धा चालला नसता.”

“कळलं मला.”

“मग?”

“मग त्या पोरीची नोकरी जाते आहे. नाखवाला वाटतं ती मुद्दाम बंद करते.”

काशिनाथने जाळं बाजूला केलं. आमच्या सोसायटीचा एक नियम होता. कुणी तरी मागे सोसायटीची जाळी परस्पर विकली होती, तेव्हापासूनचा. सोसायटीच्या वस्तूला हात लावील त्याच्या बोटीचं सवलतीचं डिझेल बंद. बाजारभावाने डिझेल घालून आमच्याकडची लहान बोट दर्यात जाऊ शकत नाही. म्हणजे सहा घरं बसली.

“त्यातलं एक तुमचं आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“बैठकीत नाव घेणार?”

“न घेता भागलं तर बघतो,” मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की बॅटरी खराब निघाली एवढं कळलं की विषय संपेल. नवी बॅटरी येईल, पोर सुटेल, कुणाचं नाव निघणार नाही. घरी गेलो, देवेंद्र ओट्यावर मुलीला खांद्यावर घेऊन बसला होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

बैठक भरली. कमिटीचे सात जण, आणि प्रणिता दाराशी उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नाही. नाखवांनी तौसिफची चिठ्ठी वाचली.

“मशीन ठीक. बॅटरी मेलेली. आता मला सांगा, वर्षापूर्वीची नवी बॅटरी मरते कशी? आणि हा लिहितो, हिला खारं पाणी लागलंय. म्हणजे ही आपली बॅटरीच नाही. आपली कुणी तरी काढली आणि ही भंगारातली ठेवली.” त्यांनी चष्मा काढला. “दिवसभर कार्यालयात कोण असतं?”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

“प्रणिता, आपली बॅटरी कुणाला विकलीस?”

“मी?” ती दारातून एक पाऊल आत आली. “मला ती पेटी उचलतासुद्धा येत नाही, नाखवा.”

“उचलायला मावसभाऊ आहे.”

खिडकीबाहेर दोन-तीन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. पारूबाय त्यांत होती. मला कळलं, की बिघाड सापडल्याने पोर सुटली नाही. आधी ती कामचुकार होती, आता चोर झाली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. ती काही मागत नव्हती. त्या खोलीत बघण्यासारखं दुसरं माणूस नव्हतं म्हणून तिने बघितलं.

मी सांगितलं, “काशिनाथने नेली. पौर्णिमेच्या आधी. गाठ त्याची आहे, जाऊन बघा. मी त्याला विचारलंय, तो नाही म्हणाला नाही. वाऱ्यात वायरलेस चालला तो त्याच बॅटरीवर. माझा देवेंद्र त्या बोटीवर होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. या पोरीने काही केलेलं नाही.”

मग विठोबा पावलेकर, कमिटीतला सगळ्यात जुना, हळूच म्हणाला, “नाखवा, मागच्या साली तुमच्या बोटीवरचा जॅक सोसायटीचाच होता.”

“तो मी परत केला.”

“केलात. मी म्हणत नाही नाही केलात.”

नाखवांनी कागद गोळा केले. आवाज उतरला होता. “हे बाहेर काढायचं नाही. त्या सहा जणांसाठी आपण गावभर नारळ फोडले, आता त्यांचं डिझेल तोडायचं? दुसरी बॅटरी आणू. प्रणिता, तुझ्यावर काही नाही. उद्यापासून कामाला लाग.”

“काही नाही म्हणजे काय?” ती म्हणाली.

“म्हणजे तुझी नोकरी आहे.”

“बाहेर सगळ्यांनी ऐकलंय मी बॅटरी विकली. ते कोण सांगणार त्यांना?”

“लोक विसरतात गो.”

तिने मान हलवली आणि निघून गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. माझ्या गुडघ्यांना तिला गाठणं जमलं नसतं. जाताना काशिनाथच्या घरावरून गेलो आणि काय झालं ते त्याला दारातूनच सांगितलं. नाव घेतलं हे सांगितलं, डिझेल वाचलं हेही सांगितलं. त्याने फक्त विचारलं, “तिला चोर म्हणाले?” मी हो म्हटलं. त्याने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लिलाव भर गर्दीत होता. मी खिडकीजवळच्या माझ्या खुर्चीत होतो. प्रणिता पावत्या फाडत होती आणि रांगेतल्या बायका नेहमीसारखं तिच्याशी बोलत नव्हत्या. पैसे ठेवत, पावती उचलत, जात. पारूबायसुद्धा.

एवढ्यात जेट्टीकडून काशिनाथ येताना दिसला. खांद्यावर बॅटरी. मागच्या वाटेने पडवीत जाता आलं असतं, ती जवळचीही होती. तो लिलावाच्या मधून आला. टोपल्यांमधून, बर्फाच्या पाण्यातून, हळूहळू. अवजड वस्तू होती आणि तोही आता तरुण नव्हता.

“काय रे काशा, काय आणलंस खांद्यावर?” कुणी तरी विचारलं.

“सोसायटीची बॅटरी.”

“तुझ्याकडे कशी?”

“मी नेली होती. न सांगता.”

पुढे आणखी एकाने विचारलं. त्यालाही त्याने तेच सांगितलं, तितक्याच मोठ्याने. तिसऱ्याने विचारलं नाही, तरी सांगितलं. लिलाव बोलणाऱ्याचा आवाज बंद झाला होता. काशिनाथ खिडकीपाशी आला, बॅटरी कट्ट्यावर टेकवली, दम घेतला.

“बाय,” तो प्रणिताला म्हणाला, “ही मी नेलेली. तुला माझ्यापायी बोल लागला.”

ती उभी राहिली होती. पारूबायने पदराने कट्ट्यावरचं पाणी पुसलं, म्हणाली, “ठेव तिथं, मेल्या. पाठ मोडेल तुझी.” आणि मग प्रणिताकडे वळून, “माझी पावती दे गो. बांगडा आहे आज, फार काही नाही.”

गावासमोर झाल्यावर नाखवांना गप्प बसता आलं नाही. काशिनाथच्या बोटीचं डिझेल दिवाळीपर्यंत बंद झालं. बोट वाळूवर ओढून ठेवली. सहाच्या सहा जण रोज तिच्या सावलीत बसून, शिवायची गरज नसलेली जाळी शिवत बसायचे. देवेंद्र संध्याकाळी घरी येई, जेवे, झोपे. सून महिनाभर माझ्याशी सरळ बोलली नाही. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

डबा त्यानंतर बंद पडला नाही. क्रशर लागला की ट्यूब मिचके, प्रणिता हात थांबवून वाट बघे आणि पुन्हा कामाला लागे. ती सवय तिला पुढे बरेच दिवस राहिली.

पेटीसाठी नाखवांनी एक जाड कुलूप आणलं, तेल घालून प्रणिताच्या हातात दिलं आणि किल्ली तिनेच ठेवावी असा ठराव केला. काही दिवसांनी मी आम्लाचं पाणी बघायला पडवीत गेलो. कुलूप खिळ्याला उघडंच लटकत होतं. पेटी नुसती बंद होती, आणि झाकणावर रंगाने, मला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं होतं: नेताना सांगून न्या.